कोणते बाजीराव, कोणते शाहू? मराठी इतिहासातल्या एकाच नावाच्या माणसांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एकाच घराण्यात तीच ती नावं पुन्हा पुन्हा का येतात?

आजोबांचं नाव नातवाला ठेवायची रीत. वडील हयात असताना त्यांचं नाव मुलाला ठेवत नसत, पण आजोबा गेले की त्यांचं नाव घरात परत आणायचं. पेशव्यांची साखळी बघा: बाळाजी विश्वनाथ, त्यांचे पुत्र बाजीराव, बाजीरावांचे पुत्र पुन्हा बाळाजी. रघुनाथराव हे बाळाजी बाजीरावांचे पुत्र, असं कुठेतरी वाचायला मिळतं. तिथे बाळाजी बाजीराव आणि बाजीराव बल्लाळ यांची अदलाबदल झालेली असते. रघुनाथराव हे बाजीरावांचे पुत्र आणि बाळाजी बाजीरावांचे धाकटे भाऊ. म्हणूनच रघुनाथरावांच्या मुलाला आजोबांचं नाव मिळालं, आणि तेच दुसरे बाजीराव.

घरातलं कुणी अकाली गेलं तरी त्याचं नाव पुढच्या पिढीत येई. शिवाजी महाराजांचे थोरले बंधू संभाजी कनकगिरीच्या वेढ्यात मारले गेले. १६५७ साली जन्मलेल्या महाराजांच्या पुत्राचं नाव संभाजी. थोरले माधवराव १७७२ साली गेले. १७७४ साली त्यांच्या पुतण्याचा जन्म झाला, त्याचंही नाव माधवराव.

सगळ्यात मोठा गुंता शिवाजी महाराजांच्या नातवंडांत आहे. संभाजी महाराजांच्या पुत्राचं नाव शिवाजी, राजाराम महाराज आणि ताराबाई यांच्या पुत्राचंही नाव शिवाजी, आणि राजाराम महाराज व राजसबाई यांच्या पुत्राचं नाव संभाजी. म्हणजे दोन चुलतभाऊ एकाच आजोबांच्या नावाचे. त्यातल्या पहिल्याला इतिहास शाहू म्हणून ओळखतो. दुसरे ते ताराबाईंचे शिवाजी, ज्यांना सोयीसाठी 'दुसरे शिवाजी' म्हणतात.

मग नेमका माणूस ओळखायचा कसा?

मधल्या नावावरून. वडिलांचं नाव ही सगळ्यात खात्रीची किल्ली आहे, आणि ती हाताशी असताना 'पहिला की दुसरा' हे पाठ करायची गरजच राहत नाही.

बाजीराव बल्लाळ म्हणजे पहिले बाजीराव, बाजीराव रघुनाथ म्हणजे दुसरे. माधवराव बल्लाळ म्हणजे थोरले माधवराव, माधवराव नारायण म्हणजे सवाई माधवराव. चिमाजी बल्लाळ म्हणजे वसईचा किल्ला घेणारे चिमाजी अप्पा, चिमाजी रघुनाथ म्हणजे दुसऱ्या बाजीरावांचे धाकटे भाऊ. सदाशिव चिमाजी म्हणजे पानिपतचे भाऊ. बाळाजींची तर रांगच आहे: बाळाजी विश्वनाथ हे पहिले भट पेशवे, बाळाजी बाजीराव हे नानासाहेब पेशवे, बाळाजी जनार्दन हे नाना फडणीस आणि बाळाजी आवजी हे शिवाजी महाराजांचे चिटणीस.

एक अपवाद लक्षात ठेवायला हवा: दत्तक. दत्तक गेला की मधलं नाव बदलतं. १७९६ साली चिमाजी रघुनाथांना सवाई माधवरावांच्या पत्नीच्या मांडीवर देऊन थोडे दिवस पेशवे केलं होतं. त्या काळातल्या कागदात ते चिमाजी माधवराव म्हणून दिसतात. माणूस तोच.

'बल्लाळ' हे आडनाव आहे का?

नाही. बल्लाळ हे बाळाजी या नावाचंच रूप आहे, आणि वर दिलेल्या सगळ्या नावांत ते वडिलांचं नाव म्हणून येतं. आडनाव म्हणून 'बल्लाळ' आज आढळतं, पण पेशव्यांचं आडनाव भट.

ही चूक झाली की पुढची चूक आपोआप होते. बाजीराव बल्लाळ आणि खंडो बल्लाळ यांना एकाच घराण्यातले धरलं जातं. खंडो बल्लाळ हे चिटणीस घराण्यातले, बाळाजी आवजींचे पुत्र. दोघांच्या वडिलांचं नाव बाळाजी, एवढाच काय तो संबंध. थोरले बाजीराव आणि थोरले माधवराव हे दोघंही 'बल्लाळ' असले तरी दोघांचे बाळाजी वेगळे: एकाचे बाळाजी विश्वनाथ, दुसऱ्याचे बाळाजी बाजीराव.

दोन बाजीरावांमध्ये इतकी गल्लत का होते?

कारण दोघांचा संबंध त्याच त्या गावांशी येतो. उदाहरणार्थ वसई. १७३९ साली वसई जिंकली ती पहिल्या बाजीरावांच्या काळात, त्यांचे भाऊ चिमाजी अप्पा यांनी, पोर्तुगीजांकडून. १८०२ सालचा वसईचा तह केला तो दुसऱ्या बाजीरावांनी, इंग्रजांशी. 'बाजीराव आणि वसई' एवढंच लक्षात राहिलं की विजय आणि शरणागती एकाच माणसाच्या नावावर जातात. पुण्यातले वाडेही तसेच. शनिवारवाडा पहिल्या बाजीरावांनी बांधला, विश्रामबागवाडा दुसऱ्यांनी.

पहिले बाजीराव १७२० ते १७४० पेशवे होते. पालखेडची मोहीम १७२८ ची. २८ एप्रिल १७४० रोजी नर्मदाकाठी रावेरखेडी इथे ते गेले. दुसरे बाजीराव १७९६ ते १८१८ पेशवे होते. १८१८ साली त्यांनी इंग्रजांपुढे हत्यार ठेवलं, वर्षाला आठ लाख रुपये तनखा घेऊन कानपूरजवळ बिठूरला राहिले आणि १८५१ साली तिथेच गेले. मस्तानी, निजाम, दिल्लीवर धडक हे शब्द जवळपास असतील तर पहिले. एल्फिन्स्टन, होळकरांची पुण्यावरची चाल, खडकीची लढाई, बिठूर हे असतील तर दुसरे. दोघांमध्ये ५६ वर्षं आणि, चिमाजींचे थोडे दिवस सोडले तर, पाच पेशवे गेले आहेत.

शाहू महाराज किती झाले?

ज्यांच्यामुळे घोळ होतो असे तीन.

साताऱ्याचे थोरले शाहू: जन्म १६८२, मूळ नाव शिवाजी, संभाजी महाराज आणि येसूबाई यांचे पुत्र. लहानपणापासून मोगलांच्या कैदेत, १७०७ साली सुटका, १७०८ साली राज्याभिषेक, १७४९ साली मृत्यू. बाळाजी विश्वनाथांना पेशवेपद यांनी दिलं, १७१३ साली.

साताऱ्याचे धाकटे शाहू: थोरल्या शाहूंनंतर गादीवर आलेल्या रामराजांचे दत्तक पुत्र. १८०८ साली गेले. त्यांच्या कारकिर्दीत कारभार पुण्यातून चाले, म्हणून त्यांचं नाव फारसं कुणाला माहीत नसतं. प्रतापसिंह महाराजांचे हे वडील.

कोल्हापूरचे राजर्षी शाहू: जन्म २६ जून १८७४, कागलच्या घाटगे घराण्यात, मूळ नाव यशवंत. १८८४ साली दत्तक, १८९४ साली कारभार हाती, १९२२ साली मृत्यू. २६ जुलै १९०२ रोजी मागासलेल्या समाजांसाठी नोकऱ्यांत ५० टक्के जागा राखून ठेवणारा हुकूम यांचा.

शाळेच्या वहीत 'शाहू महाराजांनी बाजीरावांना पेशवेपद दिलं आणि आरक्षण सुरू केलं' असं एकाच उत्तरात लिहिलेलं सापडतं. मुलाची चूक कमी आणि नुसतं 'शाहू महाराज' छापणाऱ्याची जास्त. 'छत्रपती शाहू' असं लिहूनही उपयोग होत नाही, कारण तिघंही छत्रपती. गादीचं गाव लिहिलं की प्रश्न मिटतो: सातारचे किंवा कोल्हापूरचे.

संभाजी आणि राजाराम या नावांचं काय?

संभाजींमध्ये तीन धरा. शहाजीराजांचे थोरले पुत्र संभाजी, छत्रपती संभाजी महाराज (१६५७ ते १६८९) आणि कोल्हापूरचे संभाजी, म्हणजे राजसबाईंचे पुत्र. १७१४ साली ताराबाई आणि त्यांचे पुत्र शिवाजी यांना कैदेत टाकून कोल्हापूरच्या गादीवर आले ते हे तिसरे. १७३१ सालचा वारणेचा तह थोरल्या शाहूंनी यांच्याशीच केला. संभाजी आणि शाहू यांच्यातला तह असं वाचून वडील-मुलाचा तह समजू नये; हे दोघं चुलतभाऊ. आरमाराच्या इतिहासात संभाजी आंग्रेही येतात, त्यांचा भोसल्यांशी नात्याचा संबंध नाही.

राजारामांमध्ये पहिले राजाराम महाराज (१६७० ते १७००). पुढचे म्हणजे थोरल्या शाहूंच्या मृत्यूनंतर साताऱ्याच्या गादीवर आलेले रामराजा. मुद्रेत त्यांचं नाव राजाराम असंच येतं, आणि इथे मोठा चकवा बसतो, तो पुढे मुद्रांच्या प्रश्नात सांगितला आहे. कोल्हापूरला आणखी दोन राजाराम आहेत. एक तरुणपणीच युरोपच्या प्रवासाला गेले आणि परतताना १८७० साली इटलीत फ्लॉरेन्स इथे वारले. तिथे आर्नो नदीच्या काठी त्यांचं स्मारक आहे. दुसरे राजर्षी शाहूंचे पुत्र, १९२२ ते १९४० गादीवर होते.

तंजावरचे भोसले वेगळे मोजायचे. तिथेही शहाजी, सरफोजी, प्रतापसिंह आणि शेवटी १८३२ ते १८५५ शिवाजी अशी नावं आहेत. वंशावळ काढताना सातारा, कोल्हापूर, तंजावर आणि नागपूर यांसाठी चार वेगळे कागद घ्या. एकाच कागदावर चारही शाखा मांडायला गेलं की तिसऱ्या पिढीत रेषा चुकतात.

नानासाहेब पेशवे १७६१ साली वारले, मग १८५७ साली कानपूरला कोण होतं?

ते दुसऱ्या बाजीरावांचे दत्तक पुत्र धोंडोपंत, त्यांनाही नानासाहेब म्हणत. दोघांचे वडील बाजीराव, दोघंही नानासाहेब, म्हणून ही गल्लत फार चिवट आहे. पानिपताच्या वेळचे नानासाहेब म्हणजे बाळाजी बाजीराव. पानिपतानंतर पाच महिन्यांनी, जून १७६१ मध्ये ते पर्वतीवर गेले.

तिसरे नाना म्हणजे नाना फडणीस. यांचंही खरं नाव बाळाजी. शिवाय १७६१ साली हेही होतेच. विशीही गाठली नव्हती, भाऊंच्या लष्कराबरोबर उत्तरेत गेले होते आणि पानिपतावरून जीव वाचवून परतले. म्हणून १७६० आणि १७६१ च्या घटनांत 'नाना' आले की एक साधी गोष्ट तपासा: लिहिणारा पेशव्यांविषयी बोलतोय की लष्करातल्या एका तरुण कारभाऱ्याविषयी. चौथे नाना शंकरशेट, मुंबईचे, १८०३ ते १८६५. त्यांचा या तिघांशी काहीच संबंध नाही.

'भाऊ', 'दादा', 'तात्या' असं नुसतंच लिहिलेलं असेल तर?

साल बघा. १७६० च्या पत्रातले भाऊसाहेब म्हणजे सदाशिवराव. १७८० नंतरच्या पत्रातले भाऊ बहुतेक वेळा परशुरामभाऊ पटवर्धन. दादासाहेब म्हणजे रघुनाथराव. तात्या म्हणजे सवाई माधवरावांच्या काळात हरिपंत फडके, आणि १८५७ मध्ये तात्या टोपे. 'श्रीमंत' हा शब्द तर त्या त्या वेळी जो पेशवा असेल त्याच्यासाठी वापरलेला असतो.

'थोरले' हा शब्दही असाच सापेक्ष आहे. सातारकर छत्रपतींच्या कागदात 'थोरले कैलासवासी स्वामी' म्हणजे शिवाजी महाराज; पुढच्या काळात 'थोरले' शाहूंना, बाजीरावांना, माधवरावांनाही लावलेलं दिसतं. लिहिणाऱ्याच्या दृष्टीने थोरलं कोण, ते त्याच्या सालावरून ठरतं. 'पहिला' आणि 'दुसरा' हे आकडे मात्र नंतरच्या इतिहासकारांनी घातलेले. पहिल्या बाजीरावांना आपण पहिले आहोत हे कळायला मार्ग नव्हता. म्हणून 'बाजीराव पहिला' असं लिहिलेला कागद जुना अस्सल म्हणून समोर आला तर तो बाजूला ठेवा.

कागदावर साल ओळखू न येणाऱ्या शब्दांत लिहिलंय. ते कसं काढायचं?

ते सुहूर सन आहे आणि अरबी संख्यावाचकांत लिहिलेलं असतं. एकदा शब्द पाठ झाले की पाच सेकंदांचं काम आहे. एकं: इहिदे १, इसन्ने २, सलास ३, अर्बा ४, खमस ५, सीत ६, सबा ७, समान ८, तिसा ९. दहं: अशर १०, अशरीन २०, सलासीन ३०, अर्बैन ४०, खमसैन ५०, सितैन ६०, सबैन ७०, समानीन ८०, तिसैन ९०. मया म्हणजे १००, मयातैन २००, अलफ म्हणजे १०००. आधी एकं, मग दहं, मग शतक, शेवटी हजार.

'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे १ + ६० + १०० + १०००, म्हणजे ११६१. हे वर्ष जूनच्या सुरुवातीला, मृग लागला की बदलतं. मृगापासून डिसेंबरपर्यंतच्या तारखेला ५९९ मिळवा, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. पानिपतची लढाई जानेवारीतली: ११६१ + ६०० = १७६१. बरोबर.

शके असेल तर चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत ७८ मिळवायचे, जानेवारीपासून फाल्गुनाच्या शेवटापर्यंत ७९. पानिपत शके १६८२ च्या पौषात, म्हणून १६८२ + ७९. राज्याभिषेक शक असेल तर आकडा लहान दिसतो. पहिलं वर्ष जून १६७४ ला सुरू होतं, म्हणून १६७३ मिळवा, आणि जानेवारी ते ज्येष्ठातल्या तारखेला १६७४. हा लहान आकडा बघून कुणी कुणी तो पेशव्याच्या कारकिर्दीचा समजतात, आणि तिथेच माणूस बदलतो.

पत्राच्या शेवटी 'छ' अक्षर आणि त्यापुढे मुसलमानी महिना असेल तर ते चंद्राची तारीख सांगतं. 'छ १२ जमादिलाखर' म्हणजे त्या महिन्याची बारावी तारीख.

आता याचा उपयोग बघा. कागदात नुसतं 'राजश्री माधवराव पंडित प्रधान' आहे. सन 'सबा सितैन मया व अलफ' असेल तर ११६७, म्हणजे १७६६-६७: थोरले माधवराव, स्वतः कारभार करणारे. सन 'इहिदे समानीन मया व अलफ' असेल तर ११८१, म्हणजे १७८०-८१: सवाई माधवराव, वय सहा-सात वर्षांचं. नाव पेशव्यांचं असलं तरी निर्णय नाना फडणीस आणि इतर कारभाऱ्यांचा. माणूस चुकला की निर्णयाचं श्रेयही चुकतं. ही गल्लत वंशावळीपुरती राहत नाही ती यामुळे.

मुद्रेवरून माणूस ओळखता येतो का?

येतो, पण मुद्रेत दोन नावं असतात हे विसरू नका. बाजीरावांची मुद्रा अशी: 'श्री राजा शाहू नरपति हर्षनिधान बाजीराव बल्लाळ मुख्य प्रधान'. पहिलं नाव छत्रपतींचं, दुसरं मुद्रा धारण करणाऱ्याचं. थोरल्या माधवरावांच्या मुद्रेत 'राजा शाहू'च्या जागी 'राजाराम नरपति' येतं. ते राजाराम म्हणजे साताऱ्याचे रामराजा. १७०० साली सिंहगडावर गेलेले राजाराम महाराज नव्हेत. नवखा वाचक मुद्रेतलं पहिलं नाव वाचून कागद साठ-सत्तर वर्षं मागे ढकलतो. आधी दुसरं नाव वाचा, त्यावरून काळ ठरवा, मग पहिल्याकडे या.

मोडी लिपीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो आणि शब्दांमध्ये जागाही सोडलेली नसते. त्यामुळे एक नाव कुठे संपलं आणि पुढचं कुठे सुरू झालं हे लिप्यंतर करणाऱ्याला ठरवावं लागतं. छापील लिप्यंतरात नाव विचित्र वाटलं तर शब्द चुकीच्या जागी तोडला असेल, ही शक्यता आधी तपासा.

महादजी शिंदे आणि माधवराव शिंदे एकच का?

महादजींपुरतं हो. महादजी हे माधवराव याचंच रूप, आणि ग्वाल्हेरच्या वंशावळीत पहिले माधवराव म्हणून महादजीच मोजले जातात (मृत्यू १७९४). १८८६ ते १९२५ गादीवर असलेले ग्वाल्हेरचे महाराज माधवराव हे दुसरे. इंग्रजी साधनं वाचताना १७९० च्या आसपास 'माधवराव' आलं तर ते पुण्यातले सवाई माधवराव की उत्तरेतले महादजी, हे गावावरून आणि हुद्द्यावरून ठरवावं लागतं.

होळकरांमध्ये थोरले मल्हारराव १७६६ साली गेले. दुसरे मल्हारराव हे यशवंतरावांचे पुत्र, आणि १८१८ चा मंदसोरचा तह यांच्या काळातला. नागपूरला रघुजी तीन झाले: १७५५ साली वारलेले पहिले, १८१६ साली वारलेले दुसरे आणि १८५३ साली वारलेले तिसरे, ज्यांच्यानंतर राज्य खालसा झालं.

शिवकाळातले कोणते वीर एकमेकांत मिसळतात?

बाजीप्रभू देशपांडे आणि मुरारबाजी देशपांडे. ही जोडी सगळ्यात जास्त चुकते. आडनाव एक, नावात 'बाजी', दोघांनीही किल्ल्यापायी लढताना देह ठेवला. बाजीप्रभूंची घोडखिंड, १६६०, पन्हाळा ते विशाळगडच्या वाटेवर, सिद्दी जौहरच्या फौजेविरुद्ध. मुरारबाजींचा पुरंदर, १६६५, दिलेरखानाविरुद्ध.

कान्होजी जेधे आणि कान्होजी आंग्रे. जेधे मावळातले, कारीचे देशमुख, अफझलखानाच्या स्वारीच्या वेळी महाराजांच्या बाजूने उभे राहिलेले. आंग्रे आरमाराचे सरखेल, मृत्यू १७२९. डोंगर असेल तर जेधे, समुद्र असेल तर आंग्रे.

हिरोजी फर्जंद आणि हिरोजी इंदुलकर. आग्र्याला १६६६ साली महाराजांच्या जागी पलंगावर झोपून राहिले ते फर्जंद. रायगड बांधणारे इंदुलकर. रायगडावर जगदीश्वराच्या देवळाच्या पायरीवर जे शब्द कोरलेले आहेत, 'सेवेचे ठायी तत्पर', ते या दुसऱ्या हिरोजींचे. तिथे आडनाव 'इटळकर' असं वाचलं जातं, म्हणून काही लोक त्यांना तिसरे हिरोजी समजतात. तसं नाही.

काही नावं मुळात किताब आहेत. प्रतापराव गुजरांचं नाव कुडतोजी, हंबीरराव मोहित्यांचं हंसाजी. किताब दुसऱ्याला मिळू शकतो, म्हणून नुसतं 'हंबीरराव' किंवा 'प्रतापराव' लिहून थांबू नये.

समोरच्या बाजूलाही अशी नावं आहेत का?

भरपूर. अली आदिलशहा दोन: १५६५ ला विजयनगरविरुद्ध लढलेले पहिले, अफझलखानाला पाठवलं गेलं तेव्हा विजापूरच्या तख्तावर असलेले दुसरे. १६८१ साली संभाजी महाराजांच्या आश्रयाला आलेला अकबर हा औरंगजेबाचा मुलगा. बादशहा अकबर १६०५ सालीच गेला होता. बहादूरशहा पहिला १७०७ ते १७१२, जफर १८५७ चा, आणि गुजरातचा सुलतान बहादूरशहा त्यांच्याही आधीचा, १५३७ साली मेलेला.

अहमदशहांचं प्रकरण खास आहे. मार्च १७४८ मध्ये सरहिंदजवळ मानुपूरला एका बाजूला अहमदशहा अब्दाली होता आणि दुसऱ्या बाजूला मोगल शहजादा अहमद. पुढच्याच महिन्यात तो शहजादा बादशहा अहमदशहा झाला आणि १७५४ पर्यंत तख्तावर राहिला. १७५० च्या आसपासच्या पत्रात नुसतं 'अहमदशहा' असेल तर आधी ठरवा: दिल्लीतला की दिल्लीवर चालून येणारा.

सारख्या नावाचा कुणी मुद्दाम फायदा घेतला का?

घेतला, आणि त्याने राज्य हादरलं. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा अंत नेमका कसा झाला याविषयी लोकांच्या मनात शंका राहिली. मीच भाऊ, असं म्हणत एक माणूस पुढे आला. त्याच्याभोवती माणसं आणि किल्लेही जमले. अखेर १७७६ साली त्याला मृत्युदंड झाला. मराठीतला 'तोतया' हा शब्द आजही याच प्रकरणाची आठवण घेऊन येतो. म्हणून त्या काळातल्या कागदात 'भाऊसाहेब' असतील आणि साल १७६१ नंतरचं असेल, तर परशुरामभाऊ आणि तोतया, दोन्ही शक्यता तपासाव्यात.

रमाबाई आणि आनंदीबाई इतक्या कशा?

पेशव्यांच्या काळातल्या रमाबाई म्हणजे थोरल्या माधवरावांच्या पत्नी, १७७२ साली थेऊरला सती गेल्या. एकोणिसाव्या शतकात पंडिता रमाबाई (१८५८ ते १९२२) आणि रमाबाई रानडे, आणि पुढे रमाबाई आंबेडकर. मधल्या दोघींची गल्लत समजण्यासारखी आहे. १८८२ साली पंडिता रमाबाई पुण्याला आल्या, आर्य महिला समाज सुरू झाला, आणि त्या सभांना रमाबाई रानडे जात. एकाच शहरात, एकाच सभेत दोन रमाबाई. पुढे वाटा वेगळ्या झाल्या: शारदा सदन आणि केडगावचं मुक्ती सदन पंडितांचं, पुण्याचं सेवासदन रानड्यांचं.

आनंदीबाईंमध्ये रघुनाथरावांच्या पत्नी, नारायणरावांच्या खुनाच्या 'ध चा मा' या आख्यायिकेतल्या. १८८६ साली अमेरिकेत डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशी. आणि महर्षी कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई कर्वे. आनंदीबाई कर्व्यांचं माहेर जोशी, हे कळलं की गोंधळ वाढतो, म्हणून आधीच सांगून ठेवतो: माहेरचं नाव गोदूबाई जोशी, आणि त्या डॉक्टर आनंदीबाई नव्हेत.

याच्या मुळाशी लग्नात नाव बदलायची चाल आहे. डॉक्टर आनंदीबाईंचं माहेरचं नाव यमुना, रमाबाई रानड्यांचंही यमुना. स्त्रियांविषयी शोध घेताना माहेरचं नाव, सासरचं नाव आणि नवऱ्याचं नाव अशी तिन्ही लिहून ठेवावीत. एकानेच शोधलं तर अर्धं आयुष्य हाती लागत नाही.

१८८० च्या दशकातले 'गोपाळराव' कोण?

चारांपैकी एक. गोपाळ हरी देशमुख म्हणजे लोकहितवादी, गोपाळ गणेश आगरकर, गोपाळ कृष्ण गोखले, आणि आनंदीबाईंचे पती गोपाळराव जोशी. 'सुधारक' पत्राच्या संदर्भात विशेष जपा. ते १८८८ साली आगरकरांनी काढलं आणि त्याची इंग्रजी बाजू गोखल्यांकडे होती. त्यामुळे 'सुधारकातला गोपाळरावांचा लेख' असं वाक्य अपुरं आहे. मराठी की इंग्रजी, तेही लिहा.

आद्याक्षरांवर विसंबून चालेल का?

नाही. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे आणि निरुक्ताचे अभ्यासक वैजनाथ काशिनाथ राजवाडे हे दोघं मराठीत वि. का. आणि वै. का. असे वेगळे दिसतात, पण रोमन आद्याक्षरं दोघांचीही तीच. ग्रंथालयाच्या इंग्रजी यादीत एकाची पुस्तकं दुसऱ्याच्या नावाखाली जायला तेवढं पुरतं. आणि विंदा करंदीकर हे 'वि. दा.' नव्हेत. त्यांचं नाव गोविंद विनायक करंदीकर, म्हणून विंदामध्ये पूर्णविराम घालू नये.

संगीतातले दोन विष्णू?

विष्णु नारायण भातखंडे (१८६० ते १९३६) आणि विष्णु दिगंबर पलुसकर (१८७२ ते १९३१). दोघांनीही स्वरलेखनाची पद्धत घालून दिली, आणि इथे नावाची चूक थेट गळ्यात उतरते. भातखंडे पद्धतीत स्वराच्या डोक्यावर टिंब असेल तर तो तार सप्तकातला, खाली टिंब असेल तर मंद्र. पलुसकर पद्धतीत डोक्यावरचं टिंब म्हणजे मंद्र, आणि तार सप्तकासाठी डोक्यावर उभी रेघ. कोमल स्वरालाही भातखंड्यांची खाली आडवी रेघ, पलुसकरांची हलन्तासारखी खूण. जुन्या वहीवर नुसतं 'विष्णुबुवांची पद्धत' लिहिलं असेल तर आधी डोक्यावर उभ्या रेघा आहेत का ते बघा. असतील आणि त्या सा-रे-गपासून कुठल्याही स्वरावर येत असतील तर ती पलुसकरांची वही. फक्त मध्यमावर उभी रेघ असेल तर तो भातखंड्यांचा तीव्र मध्यम.

'गंधर्व' मात्र नाव नाही, उपाधी आहे. बालगंधर्व म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस, सवाई गंधर्व म्हणजे रामचंद्र कुंदगोळकर, कुमार गंधर्व म्हणजे शिवपुत्र कोमकळी, छोटा गंधर्व म्हणजे सौदागर गोरे. चौघांत रक्ताचं नातं नाही.

स्वतः लिहिताना आणि शोधताना काय करावं?

पहिल्या उल्लेखात पूर्ण नाव, म्हणजे वडिलांच्या नावासह, आणि कंसात कारकिर्दीची सालं. पुढे हवं तर नुसतं बाजीराव लिहा. गादी असेल तर गावाचं नाव. छायाचित्र किंवा चित्र लावताना त्याखालचं नाव मुळातून तपासा. दुसऱ्या बाजीरावांचं चित्र पहिल्यांच्या लेखाला लागलेलं दिसतं, आणि एकदा लागलं की ते शंभर ठिकाणी उतरतं.

शोधताना एकाच लेखनावर थांबू नका. भोसले आणि भोंसले, शिंदे आणि सिंधिया, फडणीस आणि फडणवीस, बाळाजी आणि बालाजी, चिमाजी आणि चिमणाजी, सरफोजी आणि शरभोजी, सगळी रूपं वेगवेगळी टाकून बघा. नावाबरोबर साल नसेल तर एखादं गाव किंवा लढाई जोडा: 'बाजीराव पालखेड', 'बाजीराव बिठूर'.